जोडाचं तांबं

जहाज आमच्या कारखान्यात आलं ते तीन ट्रकांतून. म्हणजे त्याचं तांबं आलं. लोखंड कुठे गेलं, लाकूड कुणाच्या बंगल्यात लागलं, मला माहीत नाही. आमच्या वाट्याला नळ आले. मनगटाएवढे, मांडीएवढे, सरळ, वाकडे, काहींवर करडा रंग, काही हिरवे पडलेले. त्यांची पदकं करायची होती. तीन हजार. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला नांगर, आणि डबीत एक जाड कागद: 'हे पदक या युद्धनौकेच्या तांब्यापासून घडवलेले आहे.' पदक व्हायच्या आधी कागद छापून आला होता. गठ्ठे मालकांच्या केबिनमध्ये पंख्याखाली पडून होते.

माझं काम करवतीवर. आलेला माल मापात कापायचा, तेजाबाच्या टाक्यात टाकायचा, हिरवं निघून लाल दिसायला लागला की धुऊन भट्टीकडे द्यायचा. भट्टीवर कोळसेकाका. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कळतं, एरवी सगळे कोळसेकाकाच म्हणतात. ते मुशीत तांबं वितळवतात, पाट्या ओततात, मग त्या पाट्या लाटून पत्रा होतो, पत्र्याच्या चकत्या पाडतात आणि शेवटी यंत्रावरच्या मावशी त्या एकेक करून ठशाखाली ठेवतात. दाबयंत्र धपकन् खाली येतं आणि चकतीवर जहाज उठतं.

पहिल्या दिवशी उठलं नाही. उठलं, पण कडा फुटल्या. शंभरातल्या सत्तर चकत्या कडेला चिरल्या, उन्हात वाळलेल्या चिखलासारख्या. मावशींनी त्यातली एक उचलून मालकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे घ्या. जहाज बुडालं."

मालकांना विनोद कळतो पण परवडत नाही. त्यांनी कोळसेकाकांना बोलावलं. काकांनी चकती डोळ्याजवळ नेली, लांब नेली, जिभेला लावून पाहिली आणि निकाल दिला. "जोडांमुळे. नळ जिथे जोडलेत तिथे डाख आहे, सांधायला ओतलेला. डाख तांब्यात उतरला की तांबं कचकच करतं. जोड काढून टाका."

"किती काढायचे?"

"दोन्ही बाजूंनी चार बोटं. सगळे."

झालं. त्या दिवसापासून मी जोड कापायला लागले. नळाला नळ जिथे मिळतो तिथे अलीकडे एक काप, पलीकडे एक काप, मधला तुकडा बाजूच्या पेटीत. सरळ नळ तेजाबात जायचा, जोड भंगारात. शुक्रवारी भंगारवाल्याचा टेम्पो यायचा आणि भरलेल्या पेट्या न्यायचा. मी हात सुटल्यासारखी कापत होते. एका दिवसात साठ-साठ जोड.

आता बाबांचं सांगते.

माझे बाबा तांबट. भांड्यांचे तांबट वेगळे, बाबा जहाजांचे. गोदीत बत्तीस वर्षं, आणि त्यातली एकवीस याच जहाजावर. नळ बसवणं, गळती काढणं, जोड भरणं. दुरुस्ती अर्धवट असताना जहाज निघायचं तेव्हा बाबांनाही घेऊन निघायचं. अशा नऊ सफरी त्यांनी केल्या. त्यातली एक लढाईतली. बाबा म्हणतात, "जहाजावर झोपलो, जेवलो, ओकलो. त्यांच्यासारखाच. फक्त टोपी नव्हती."

टोपी नव्हती म्हणून नाव नव्हतं. पदकांपैकी चारशे बारा, जहाजावर नोकरी केलेल्यांना फुकट मिळणार होती, बाकीची विकायची. चारशे बारांची यादी नौदलाच्या समितीने केली होती. मी अर्ज दिला. बाबांच्या गोदीच्या बिल्ल्याची प्रत जोडली, हातावरच्या भाजल्याच्या खुणेचा दाखला जोडला. उत्तर दोन ओळींत आलं: गोदीचे कामगार हे जहाजाचे कर्मचारी नव्हेत. खाली सही, सहीखाली शिक्का. बुडत्या जहाजात पाणी अडवायला चालतात, यादीत चालत नाहीत. मी ते पत्र फाडणार होते, आईने हिसकावून घेतलं आणि घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. डबा डगमगत होता.

बाबांना पत्राचं काही वाटलं नाही असं ते म्हणाले. खरं असावं. त्यांना वेगळंच काही हवं होतं. मी त्या तांब्यावर काम करते हे कळल्यापासून त्यांचा एकच प्रश्न. संध्याकाळी मी चपला काढत असताना सुरू व्हायचा.

"आज कुठले नळ आले?"

त्यांचे डोळे आता गेल्यातच जमा आहेत. उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजावरून ओळखतात. खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले असायचे, मान दाराकडे.

"मांडीएवढे होते. करड्या रंगाचे, त्यावर लाल पट्टा."

"लाल पट्टा? मग आगीच्या पाण्याचे. बॉयलरच्या मागून जातात ते. खूण दिसली का?"

खूण म्हणजे बाबांची. आपल्या कामावर ते छिन्नीने तीन टिंबं आणि खाली एक रेघ मारायचे. गोदीतल्या प्रत्येक तांबटाची अशी खूण असते, कुणाचं काम गळलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळावं म्हणून. मला ती खूण लहानपणापासून माहीत. आमच्या शाळेच्या डब्यांवरही होती.

"नाही दिसली."

"बघ उद्या. तो बॉयलरमागचा कोपर असेल त्यात. मोठा आहे, चुकायचा नाही."

त्या कोपराची गोष्ट आमच्या घरात भिंतीइतकी जुनी. लढाईच्या सफरीत, समुद्रात तिसऱ्या दिवशी, आग विझवायच्या नळाचा कोपर, म्हणजे वळणावरचा जोड, फुटला. पाण्याची धार विजेच्या पेटीवर. बाबा बॉयलरच्या मागच्या फटीत घुसले, फुटल्या जागेवर पत्रा गुंडाळला आणि तिथेच डाख भरला. जहाज डोलत होतं, वितळलेला डाख वाहून जात होता, ते भरत गेले. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत बॉयलरला चिकटला. पाणी थांबलं. "एक थेंब नाही आला नंतर," बाबा सांगतात, "अठरा वर्षं."

"जहाजाचा नळ अठरा वर्षं गळला नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आणि माझा मोरीतला नळ अठरा वर्षं टपटपतोय. अहो, मी पण बुडतेय म्हणून सांगा की त्यांना."

"तुझा नळ लोखंडी आहे. ते लोहाराचं काम."

"ऐकलंस? नवरा तांबट आणि मोरी लोहाराची!"

असे बारा दिवस गेले. बारा दिवस मी तेजाबातून निघालेला प्रत्येक नळ उलटासुलटा करून बघत होते. लालबुंद, स्वच्छ, आरशासारखे नळ. एकावरही तीन टिंबं नाहीत. मला वाटायला लागलं, बाबांनी जितकं सांगितलं तितकं काम केलंच नसेल. म्हातारी माणसं वाढवून सांगतात. मनात आलं ते लिहितेय, खोटं कशाला बोलू.

बाराव्या संध्याकाळी त्यांनी प्रश्न बदलला.

"जोड कसे निघतायत? पक्के आहेत ना?"

"पक्के कसले, डोक्याला ताप. कापून टाकते मी ते."

"कापून?"

"काढूनच टाकतो सगळे. डाखामुळे पदक फुटतं. भंगारात जातात."

आईने आत भांडं घासायचं थांबवलं.

"आणि पदकं कशाची करता?" बाबांनी विचारलं.

"नळांची."

"पोरी," ते म्हणाले, अगदी सावकाश, मला लहानपणी पाढे शिकवायचे तसे, "नळ गिरणीतून येतात. सरळ, पंधरा-पंधरा फुटी. कुठल्याही जहाजाला लावा, कुठल्याही दवाखान्याला लावा. त्यात जहाजाचं काय आहे? जहाजात आणून, वाकवून, एकमेकांना धरून ठेवले ते आम्ही. दुसऱ्याच्या नळावर मी माझी खूण कशाला मारीन? खूण जोडावर असते."

मी दारातच उभी होते. एक चप्पल पायात, एक हातात.

तांबटाची मुलगी मी. बारा दिवस खूण शोधत होते, आणि खूण होती तोच तुकडा कापून रंगासकट, मळासकट पेटीत फेकत होते. जोड तेजाबात कधी गेलेच नाहीत, त्यामुळे त्यांवर काय आहे ते दिसायचा प्रश्नच नव्हता. सातशेच्या आसपास जोड. एका शुक्रवारचा टेम्पो भरून गेला होता. दुसरा शुक्रवार उद्या.

"मला पदक नको," बाबा म्हणाले. "पण जोड आत जाऊ देत. नाहीतर त्या कागदावर लिहिलंय ते खोटं आहे."

सकाळी मी कारखाना उघडायच्या आधी फाटकाशी होते. भरलेल्या सहा पेट्या तेजाबाच्या खोलीमागे रांगेत. मी एका पेटीतले जोड टाक्यात ओतले, चिमट्याने हलवले, धुतले. पहिल्याच घमेल्यात तीन टिंबं आणि रेघ. मग आणखी एक. मग इतरांच्या खुणा: एक फुली, एक अर्धवर्तुळ, एक माशासारखी. विसांतल्या अकरा जोडांवर बाबांची. म्हातारी माणसं वाढवून सांगतात म्हणे!

मालक आले तेव्हा मी घमेलं त्यांच्या टेबलावर ठेवलं. कागदांवर पाणी गेलं.

"हे काय?"

"जहाज."

"हे भंगार आहे. आज चार वाजता टेम्पो येतोय. आणि तेजाब काय फुकट येतं का?"

"मालक, जोड कापून किती वजन गेलं?"

त्यांनी ओले कागद उचलले. त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. जवळजवळ पाचवा हिस्सा. उरलेल्या नळांत तीन हजार पदकं होत नव्हती, म्हणून कोपऱ्यात बाजारातल्या तांब्याच्या तारेची चार भेंडोळी येऊन पडली होती, वर गोणपाट टाकून. जुन्या विजेच्या तारा. कुणाच्या तरी घरातला दिवा त्यांनी लावला असेल, पण समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता. कारखान्यात सगळ्यांनी ती भेंडोळी पाहिली होती आणि तिकडे न बघून सगळ्यांची मान अवघडली होती.

"गोणपाटाखाली काय आहे ते मी विचारत नाही," मी म्हटलं. "फक्त कागदावर काय छापलंय ते वाचते. मोठ्याने वाचू?"

"धमकी देतेस?"

"हो."

मालकांना बहुतेक 'नाही' अपेक्षित होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "जोड घातले की फुटतं. तूच पाहिलंस. फुटलेली पदकं देऊ का लोकांना?"

"माझ्या बाबांना बोलावते. सगळे जोड सारखे नसतात, ते सांगतील."

"तुझे बाबा आंधळे आहेत ना?"

"तुमच्या कोळसेकाकांना दोन्ही डोळे आहेत. काय दिसलं त्यांना?"

हे बोलायला नको होतं, कारण काका दारातच उभे होते. पण बोलून झालं होतं.

बाबा रिक्षाने आले, आईचा हात धरून. आईने येताना घरची भाजी चिरायची सुरी आणली होती, कारण बाबांनी तीच मागितली. कारखान्यात पाऊल टाकल्याबरोबर बाबांनी नाक वर केलं. तेजाब, गरम धातू, तेल. त्यांचे खांदे सरळ झाले. माझ्या लग्नातही इतके सरळ नव्हते.

स्टूल दिलं, समोर घमेलं ठेवलं. बाबांनी एक जोड उचलला, अंगठा फिरवून डाखाची कड शोधली आणि त्यावर सुरीचं टोक रुतवलं. टोक आत शिरलं, साबणात शिरावं तसं.

"हा पांढरा," ते म्हणाले. "कथील आणि शिसं. पिण्याच्या पाण्याचे, स्वयंपाकघरातले बारीक नळ. सुरी जाते. हा तांब्यात पडला की तांबं फुटणारच. भट्टीवाले बरोबर बोलले."

कोळसेकाकांनी हाताची घडी सोडली.

बाबांनी दुसरा उचलला. टोक रुतवलं, सुरी करकरत घसरली. "हा पिवळा. पितळेचा डाख. वाफेचे, आगीचे, दाबाचे नळ. सुरीचीच धार जाते. यात शिसं नाही. हा आत गेला तर तांबं फुटत नाही, जरा कडक होतं इतकंच. तुम्ही दोन्ही एकत्र वितळवलेत. चार पांढऱ्यांनी शंभर पिवळ्यांचं नाव घालवलं."

"पितळ वितळताना पांढरा धूर मारतं," काका म्हणाले. त्यांना काहीतरी म्हणायचंच होतं.

"मारतं ना. म्हणून वरून कोळशाची भुकटी पसरायची आणि घाई करायची. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"सांगताय की मघापासून."

"मग ऐकताय की मघापासून," बाबा म्हणाले, आणि काका हसले. मनाविरुद्ध, पण हसले.

मालकांनी घड्याळाकडे बघितलं आणि अट घातली. एक मूस. त्यातून वीस चकत्या. एकही फुटली तर चार वाजता सगळं टेम्पोत, आणि यापुढे कारखान्यात जोड हा शब्द निघता कामा नये.

आम्ही निवडायला बसलो. बाबा सुरी रुतवायचे आणि पांढऱ्याला "डावा" आणि पिवळ्याला "उजवा" म्हणायचे, मी तुकडा त्या बाजूच्या घमेल्यात टाकायची. सहाही पेट्यांत एकदाही ते अडले नाहीत. आई शेजारी उभी राहून धार गेलेली सुरी दगडावर घासून पुन्हा हातात देत होती आणि पुटपुटत होती, "उद्यापासून भाजी दातांनी चिरा."

खूण असलेला जोड हाताला लागला की बाबांचा अंगठा क्षणभर थांबायचा. टिंबांवरून जायचा. मग "उजवा." मी एक बाजूला ठेवणार होते. खिशात मावेल असा, छान टिंबं उठलेला. मला वाटलं कळणार नाही.

"टाकलास का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, एक घरी ठेवू की."

"कशाला? दाराला अडकण?"

"तुमची खूण आहे."

"खूण गळतीसाठी असते. आता कुठे गळतंय? टाक."

तुकडा घमेल्यात पडल्याचा आवाज झाला नाही, हे त्यांनी ऐकलं होतं. मी टाकला.

काकांनी मूस भरली. पांढरा धूर आला, त्यांनी भुकटी पसरली, शिव्या दिल्या, ओतलं. पाटी लाटली, चकत्या पाडल्या. साडेतीन वाजले होते. सगळा कारखाना मावशींच्या यंत्राभोवती. मालकसुद्धा केबिनच्या दारात, कानाला फोन, पण बोलत कुणाशीच नव्हते.

धप. मावशींनी चकती काढली आणि बाबांच्या हातात दिली. बाबांना दिसत नाही हे मावशींना कुणी सांगायला लागलं नाही. बाबांनी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं, पूर्ण गोल. "ठीक." धप. "ठीक." धप. अकराव्याला नख अडकलं. बाबांनी पुन्हा फिरवलं, उलट्या बाजूने.

"ठशावर कण आहे. फुटलेलं नाही. पुसा ठसा."

मावशींनी फडक्याने ठसा पुसला. खरंच कण होता. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेऊन मालकांना दाखवला. पुढच्या नऊंवर "ठीक".

टेम्पोवाला आला तेव्हा त्याला पांढऱ्या जोडांची दीड पेटी मिळाली आणि गोणपाटाखालची चार भेंडोळी. तो म्हणाला, "एवढंच?" मालक म्हणाले, "एवढंच. आणि तोंड बंद."

टेम्पो वळेपर्यंत बाबा स्टुलावरून उठले नाहीत. मग हळूच मला म्हणाले, "कोपर आला नाही हाताला."

"सगळे बघितले ना?"

"सगळे. हाताएवढा आहे, पत्रा गुंडाळलेला. चुकायचा नाही."

म्हणजे तो गेल्या शुक्रवारीच गेला. मी म्हटलं, "आला नसेल आपल्याकडे." बाबांनी मान हलवली. आईने माझ्याकडे पाहिलं. आईला माझं खोटं आवाजावरून कळतं.

पदकं झाली. तीन हजार, तारेचा एक धागाही न घालता. पण बाबांना जे दिसलं नव्हतं ते बाकीच्यांना दिसलं. नुसत्या नळांची पदकं लाल, जोड घातलेली जराशी पिवळट. शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही इतकी. समितीचे साहेब तपासायला आले तेव्हा त्यांनी ती शेजारी ठेवली. तेच त्यांचं काम.

"ही अशी का?"

मी सांगितलं, "ती जोडाची आहेत, साहेब. वाफेच्या आणि आगीच्या नळांचे जोड. जहाजाच्या तांबटांनी भरलेले."

"यात पितळ आहे म्हणजे."

"जहाजात होतं तेच आहे."

साहेब वाईट माणूस नव्हते. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. त्यांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला. असल्या माणसांना तोडगा चटकन सुचतो. "असं करा. लाल आहेत ती पुढच्या रांगेसाठी, अधिकारी, पाहुणे. विक्रीलाही लालच. पिवळट ती खालच्या हुद्द्यांना. खलाशी, बॉयलरवाले. त्यांना काय फरक कळतोय."

"आणि ज्यांनी जोड भरले त्यांना?" मी विचारलं.

"ते यादीत नाहीत."

"मग साहेब, तुमच्या यादीतलं अर्धं जहाज कशाने जोडून धरलं होतं? शिक्क्याने?"

मालक खोकले. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू करवतीनेच तोंड उघडलं. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला सांगितलं की समितीने विचारलं, ती बाई कोण. मी म्हटलं, सांगा की, तांबटाची मुलगी. त्यांनी सांगितलं की नाही कुणास ठाऊक. नोकरी मात्र राहिली. जोडांमुळे त्यांचा शब्द वाचला होता आणि ते त्यांना माहीत होतं.

समारंभ झाला. आम्हाला बोलावणं नव्हतं. बाबांनी त्या दिवशी खिडकीशी बसून रेडिओ ऐकला, बातमीत जहाजाचं नाव आलं तेव्हा आवाज वाढवला आणि लगेच कमी केला.

आठवड्याने काजळ्या आला. बॉयलरवर कोळसा ओढणारा, बाबांच्याच वयाचा, त्यांच्याच सफरीतला. त्याने खिशातून डबी काढून बाबांच्या मांडीवर ठेवली.

"बघ रे तांबट्या. एवढी वर्षं भाजून घेतलं आणि दिलं काय, तर हे. पुढच्या रांगेतल्यांचं लाल, माझं पिवळं. आजारी दिसतंय."

बाबांनी पदक बाहेर काढलं. जहाजाकडे लक्षच दिलं नाही. अंगठ्याचं नख कडेवर लावलं आणि फिरवलं, एकदा, पूर्ण.

"पिवळं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"फुटलेलं नाही. बघ कड," ते काजळ्याला म्हणाले. "हे जोडाचं आहे. लाल आहेत ती नुसती नळाची. ठेव नीट."

काजळ्याने पदक हातात घेतलं, कड चाचपली, त्याला काही कळलं असं वाटलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना नळ आणि मला तू?"

"मी एकटा नाही. आणखी तिघं-चौघं होते."

"तरीच वास येतोय." दोघंही हसायला लागले, खोकला येईपर्यंत. आईने चहा आणला. काजळ्याने डबी पुन्हा खिशात घातली आणि वरून खिशाचं बटण लावलं. येताना ते उघडंच होतं.

तो गेल्यावर मी बाबांसमोर पाटावर बसले. आई कपबश्या उचलत होती.

"बाबा, कोपर आला होता."

त्यांनी कान माझ्याकडे केला.

"तिसऱ्या दिवशी. लाल पट्ट्याच्या नळांत. हाताएवढा, वर पत्रा गुंडाळलेला, चहूकडून डाखाची ढेकळं. वरून काळा रंग, म्हणून तेव्हा ओळखलाच नाही. मी करवतीला लावला. पातं आत जाईना. दाबलं तर अडकलं आणि त्याचे दात गेले. मी शिवी दिली. म्हटलं, कुठल्या गाढवाने एवढा डाख भरलाय. मग पातं बदललं, कापला आणि टाकला. पहिल्या टेम्पोत गेला तो."

आई कपबश्या हातात घेऊन तशीच उभी. मला वाटलं आता बाबा मान फिरवतील, आणि फिरवली असती तर मी काही म्हणू शकले नसते. त्यांनी डावा हात मांडीवर आणला. भाजल्याची ती चकाकती कातडी उजव्या तळव्याने सावकाश चोळली.

"शिवी बरोबर होती," ते म्हणाले. "जास्तच भरला होता. जहाज डोलत होतं."

"हो."

"किती दात गेले?"

"सात."

"सात," बाबा म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकले आणि आईकडे तोंड करून, तिला ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा सांगितलं. "सात दात गेले करवतीचे."

"ऐकलं," आई म्हणाली. "आता मोरीचा नळ बघा."